जेसीएलमधले आउटपुट स्टेटमेंट : खान्देशातल्या मुलांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुले पुण्या-मुंबईत नोकरीला लागतात, काहींच्या वाट्याला मेनफ्रेम, म्हणजे बँका-कंपन्यांचा मोठा संगणक, येते आणि सुट्टीला घरी आली की ती वही घेऊन माझ्याकडे बसतात. मी स्वतः पुण्यात बरीच वर्षे रात्रपाळीत बॅच जॉब, म्हणजे आपोआप चालणारी कामे, सांभाळले. मेनफ्रेमवर कोणते काम कसे चालवायचे ते जेसीएल या भाषेत लिहितात. तिच्यात मुले जॉब (कामाची ओळख), एक्झेक (एक पायरी, म्हणजे एक प्रोग्राम चालवणे) आणि डीडी (त्याने कुठून वाचायचे, कुठे लिहायचे) या तीन स्टेटमेंटना चटकन सरावतात. आउटपुट स्टेटमेंट मात्र बहुतेकांनी कुणाच्या तरी जुन्या जॉबमधून उचलून चिकटवलेले असते. हे पान त्यांच्यासाठी आहे.

कोडच्या ओळी इथे आपण तोंडी सांगतो तशा देवनागरीत दिल्या आहेत. पडद्यावर त्या इंग्रजी मोठ्या अक्षरांतच टाइप करायच्या.

आउटपुट स्टेटमेंट म्हणजे नेमके काय?

रावेर-सावद्याकडून केळीचा ट्रक दिल्लीला निघतो तेव्हा ड्रायव्हरच्या हातात बिल्टी असते. माल कुणाचा, कुणाकडे जायचा, कुठे उतरवायचा हे तिच्यावर लिहिलेले असते. केळी तीच राहतात. बिल्टी बदलली की ट्रक दिल्लीऐवजी कानपूरला जाईल, पण एकही घड हलवावा लागणार नाही.

जॉबमध्येही असेच असते. प्रोग्राम ओळी लिहितो, हा झाला माल. डीडी स्टेटमेंटवर सिसआउट लिहिले की त्या ओळी स्पूलवर, म्हणजे जॉब आणि छपाई सांभाळणाऱ्या जेईएस या यंत्रणेच्या ताब्यातल्या डिस्कवर जाऊन थांबतात. तिथून पुढे त्यांचे काय करायचे ते आउटपुट स्टेटमेंट सांगते: कोणत्या क्लासमध्ये (छपाईच्या गटात) जायचे, किती प्रती, कोणत्या प्रिंटरला, कोणत्या कागदावर, वरच्या पानावर कुणाचे नाव, छापायचे की अडवून ठेवायचे. प्रोग्रामला यातले काहीच माहीत नसते, आणि माहीत असायची गरजही नसते.

डीडीवर सिसआउट लिहिले की काम होते, मग हे वेगळे स्टेटमेंट कशाला?

एका जॉबमध्ये दोनच अहवाल असतील तर खरेच नको. पण बारा पायऱ्या, वीस अहवाल आणि सगळे एकाच कार्यालयाला, असे असेल तर तीच माहिती वीस डीडींवर लिहावी लागते. कार्यालयाचा प्रिंटर बदलला की वीस जागी दुरुस्ती, आणि त्यातली एक हमखास राहून जाते. आउटपुट स्टेटमेंट एकदाच लिहिले की वीसही डीडी त्याच्याकडे बोट दाखवतात.

आणखी दोन कारणे आहेत. पत्ता, विभाग, खोली, शीर्षक यांसारखे बरेच पॅरामीटर डीडीवर लिहिताच येत नाहीत, ते फक्त आउटपुट स्टेटमेंटवर चालतात. शिवाय प्रोग्राम एकदाच चालवून तोच अहवाल दोन-तीन ठिकाणी वेगवेगळ्या पद्धतीने पाठवायचा असेल, तर याच्याइतका सरळ रस्ता दुसरा नाही.

लिहायचे कसे?

//नाव आउटपुट पॅरामीटर,पॅरामीटर

पहिल्या दोन रकान्यांत तिरप्या रेघा, तिसऱ्यापासून नाव. नाव १ ते ८ अक्षरांचे असते आणि सुरुवात अंकाने चालत नाही. डीडी किंवा एक्झेकला एखाद वेळी नाव नसले तरी चालते, आउटपुटला मात्र नाव हवेच. ओळ ७१व्या रकान्यापर्यंतच. पुढे न्यायची तर स्वल्पविरामाशी तोडायची, पुढच्या ओळीवर पुन्हा दोन तिरप्या रेघा, आणि मजकूर ४ ते १६ या रकान्यांच्या आतच सुरू करायचा. ८० रकान्यांच्या पंचकार्डांच्या काळातला हा नियम आजही तसाच आहे.

ते ठेवायचे कुठे?

दोन जागा आहेत. जॉब स्टेटमेंटनंतर आणि पहिल्या एक्झेकच्या आधी लिहिले तर ते जॉब पातळीचे, साऱ्या पायऱ्यांना उपलब्ध. एखाद्या एक्झेकनंतर लिहिले तर त्या पायरीचे. डीडी ज्या आउटपुटकडे बोट दाखवते ते तिच्या आधी आलेले असले पाहिजे, पुढच्या ओळीवरच्या स्टेटमेंटचा संदर्भ चालत नाही. म्हणून पायरीचे आउटपुट असेल तर ते एक्झेकच्या लगेच खाली लिहायची सवय लावा.

डीडी त्याच्याकडे बोट कशी दाखवते? एक उदाहरण द्या.

समजा एका केळी व्यापाऱ्याच्या हिशेबपट्टीचा जॉब आहे:

//रोजपट्टी जॉब (लेखा),'हिशेब',क्लास=ए,एमएसजीक्लास=एक्स
//दुकान आउटपुट क्लास=पी,फॉर्म्स=एसटीडी
//गोदाम आउटपुट क्लास=पी,कॉपीज=२,डेस्ट=आरएमटी५
//पायरी१ एक्झेक पीजीएम=पट्टी
//अहवाल डीडी सिसआउट=(,),आउटपुट=(*.दुकान,*.गोदाम)
//यादी डीडी सिसआउट=(,),आउटपुट=*.दुकान

तारा आणि टिंब म्हणजे ‘मागे येऊन गेलेले’. ‘अहवाल’ दोन ठिकाणी जातो: एक प्रत दुकानात, दोन प्रती पाच क्रमांकाच्या दूरच्या केंद्रावर. ‘यादी’ फक्त दुकानात. एका डीडीवरून असे १२८ पर्यंत संदर्भ देता येतात. माझ्या कामात चाराच्या वर कधी गरज पडली नाही.

आउटपुट दुसऱ्या पायरीत असेल तर *.पायरीचेनाव.आउटपुटचेनाव असे लिहायचे. ते एखाद्या प्रोसीजरच्या, म्हणजे साठवून ठेवलेल्या तयार जेसीएलच्या, आतल्या पायरीत असेल तर मध्ये आणखी एक नाव येते: आधी प्रोसीजर बोलावणारी पायरी, मग प्रोसीजरमधली पायरी, मग आउटपुटचे नाव. घराचा पत्ता सांगावा तसे, तालुका, गाव, गल्ली या क्रमाने.

आउटपुटवर क्लास=पी लिहिला, तरी अहवाल क्लास ए मध्येच का गेला?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्याकडूनही हीच चूक झाली होती, म्हणून यावर जरा थांबतो.

नियम असा: डीडीवर आणि आउटपुटवर तीच गोष्ट वेगवेगळी लिहिली असेल तर डीडीचा शब्द शेवटचा. डीडीवर सिसआउट=ए असेल तर आउटपुटवर क्लास पी लिहा, क्यू लिहा, जेईएस तिकडे पाहत नाही. चूक झाल्याचा संदेशही येत नाही, कारण त्याच्या लेखी काही चुकलेलेच नसते. आउटपुटचा क्लास लागू व्हायचा असेल तर डीडीवर क्लासची जागा रिकामी सोडायची. ती रिकामी जागा म्हणजेच सिसआउट=(,). कंसातला तो एकटा स्वल्पविराम मुलांना टायपिंगची चूक वाटतो आणि ते तो ‘दुरुस्त’ करून तारा टाकतात. तारा टाकला की काय होते? सिसआउट=* म्हणजे जॉब स्टेटमेंटवरचा एमएसजीक्लास, जॉबच्या संदेशांचा क्लास. तो क्लास डीडीवर ठरून गेला, आउटपुटचा क्लास पुन्हा बाजूला.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला रात्री निरोप आला, की अमुक अहवाल उद्यापासून नव्या क्लासमध्ये पाठवा. मी वरचे आउटपुट स्टेटमेंट बदलले, जॉब शून्य रिटर्न कोडने, म्हणजे काही न चुकता, संपला, मी निर्धास्त झालो. खाली एका डीडीवर सिसआउट=ए लिहिलेले होते ते मी पाहिलेच नव्हते. सकाळी ज्यांना तो अहवाल हवा होता ते हात बांधून बसले होते आणि कागद दुसऱ्याच इमारतीत छापून पडले होते. त्या दिवसापासून आउटपुट बदलले की त्याच्याकडे बोट दाखवणारी प्रत्येक डीडी मी उघडून वाचतो.

प्रतींचेही हेच. डीडीवर कॉपीज=३ असेल तर आउटपुटवरच्या कॉपीजला अर्थ उरत नाही. ठिकाण आणि फॉर्म्स यांनाही हाच न्याय. मात्र जे पॅरामीटर डीडीवर लिहिलेलेच नाहीत ते सगळे आउटपुटमधून घेतले जातात. दोघांची बेरीज होते, आणि भांडण झालेच तर डीडी जिंकते.

जॉब स्टेटमेंटवरचा क्लास आणि आउटपुटवरचा क्लास एकच का?

नाही. शब्द एक, अर्थ दोन. जॉबवरचा क्लास म्हणजे जॉब कोणत्या रांगेत थांबून चालू होणार तो. आउटपुटवरचा क्लास म्हणजे तयार झालेला अहवाल छपाईच्या कोणत्या गटात जाणार तो. ए ते झेड आणि ० ते ९ असे ३६ आउटपुट क्लास असतात. कोणत्या क्लासचा काय उपयोग हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे नव्या ठिकाणी रुजू झाल्यावर ही यादी पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.

डिफॉल्ट=येस लिहिले की काय होते?

ज्या डीडीवर सिसआउट आहे पण आउटपुट= हा पॅरामीटर नाही, त्या सगळ्या आपोआप या स्टेटमेंटला जोडल्या जातात. वीस डीडींना हात न लावता वरची एक ओळ बदलून काम होते ते यामुळेच. जुने, दुसऱ्यांनी लिहिलेले जॉब सांभाळताना याची फार मदत होते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, पायरीच्या आत डिफॉल्ट असेल तर त्या पायरीपुरता जॉब पातळीचा डिफॉल्ट बाजूला होतो. दोघे मिळून काम करत नाहीत. दोन, एकाच पातळीवर दोन आउटपुट स्टेटमेंटवर डिफॉल्ट=येस असेल तर दोन्ही लागू होतात आणि प्रत्येक अहवाल दोनदा निघतो. ‘सगळे दुप्पट का छापले?’ असा फोन आला की मी आधी हेच शोधायला सांगतो. कुणीतरी जुना डिफॉल्ट न काढता त्याखाली नवा घातलेला असतो.

ज्या डीडीवर आउटपुट= स्पष्ट लिहिले आहे तिला डिफॉल्टचा स्पर्श होत नाही.

प्रती सांगितल्या तीन आणि निघाल्या सहा. असे कसे?

डीडीवर कॉपीज=३ आणि दोन आउटपुटचे संदर्भ. प्रत्येक संदर्भासाठी छपाईचा वेगळा संच तयार होतो आणि डीडीच्या तीन प्रती दोन्ही संचांना लागतात. प्रती नेहमी आउटपुटवर लिहा, डीडीवर नको. जेईएस२ या जेईएसच्या प्रकारात २५५ पर्यंत प्रती मागता येतात, तेव्हा टाइप करताना एखादा अंक जास्त पडणार नाही हे पाहा.

आउटडिस्प हे काय प्रकरण आहे?

मला विचाराल तर जेईएस२ वर काम करणाऱ्याने आधी शिकावा असा पॅरामीटर हाच. अहवालाचा शेवट काय होणार हे तो ठरवतो. त्याच्या पाच किमती आहेत.

राइट: छापा आणि मग स्पूलवरून काढून टाका. होल्ड: अडवून ठेवा, कुणी सोडले की तो राइट होतो, म्हणजे छापून निघून जातो. कीप: छापा, पण फेकू नका, छापून झाल्यावर तो लीव्ह होऊन थांबतो. लीव्ह: अडवून ठेवा, सोडला की कीप होतो, म्हणजे छापल्यावरही परत हाती राहतो. पर्ज: छापायचे नाही, ठेवायचेही नाही, लगेच काढून टाका.

होल्ड आणि लीव्ह यांत मुले गोंधळतात, कारण दोन्हींत अहवाल थांबलेलाच दिसतो. फरक सोडल्यानंतर कळतो. होल्ड एकदाच कामाचा. लीव्ह पुन्हा पुन्हा. महिनाअखेरचा जो अहवाल कागद फाटला, शाई फिकी आली म्हणून परत मागितला जातो, त्याला लीव्ह द्या.

खरी गंमत कंसात आहे. आउटडिस्प=(पर्ज,होल्ड) असे दोन भाग लिहिता येतात. पहिला भाग जॉब नीट संपला तर, दुसरा जॉब कोसळला तर. म्हणजे सगळे सुरळीत झाले की त्या लांबलचक तपास-याद्या आपोआप जातात आणि स्पूल मोकळा राहतो, आणि रात्री तीन वाजता जॉब पडला तर नेमका पुरावा हाती राहतो. रात्रपाळीच्या माणसाला याची किंमत कळते. फक्त एवढे समजून घ्या, की एखाद्या पायरीचा रिटर्न कोड ८ आला म्हणजे जॉब कोसळला असे जेईएस आपणहून मानत नाही. अॅबेंड, म्हणजे मध्येच कोसळणे, वेगळा आणि वाईट रिटर्न कोड वेगळा. रिटर्न कोडवरून तपास करावा लागणाऱ्या याद्यांना पर्ज देऊ नका.

जॉबचा लॉग दुसरीकडे पाठवायचा आहे. डिफॉल्ट लिहिले तरी जात नाही.

कारण लॉग तुमच्या कोणत्याही डीडीचा नाही. जेईएस स्वतः तीन गोष्टी लिहितो: ऑपरेटरकडे गेलेल्या संदेशांचा लॉग, जेसीएलची नक्कल, आणि जागा मिळाल्या-सोडल्याचे सिस्टिम संदेश. डिफॉल्ट=येस यांना लागत नाही. यांच्यासाठी जेसडीएस हा पॅरामीटर आहे आणि त्याला लॉग, जेसीएल, एमएसजी किंवा तिन्हींसाठी ऑल अशी किंमत देतात:

//नोंद आउटपुट जेसडीएस=ऑल,क्लास=एक्स

हे स्टेटमेंट जॉब पातळीवरच हवे, पहिल्या एक्झेकच्या आधी.

वरच्या पानावर विभागाचे नाव आणि पत्ता छापायचा आहे.

नेम, अॅड्रेस, बिल्डिंग, डिपार्टमेंटसाठी डेप्ट, रूम आणि टायटल. मजकुरात मोकळी जागा असेल तर तो एकेरी अवतरणात ठेवा. पत्त्याच्या चार ओळींपर्यंत मुभा आहे, प्रत्येकी ६० अक्षरे. हा मजकूर अहवालांच्या मधल्या विभाजक पानावर येतो, अहवालाच्या आत नाही.

नोटिफाय जॉबवर आहे, मग आउटपुटवर पुन्हा का?

जॉबवरचा नोटिफाय जॉब संपल्याचा निरोप देतो. आउटपुटवरचा छपाई पूर्ण झाल्याचा. चार जणांपर्यंत निरोप पाठवता येतो.

जुन्या जॉबमध्ये तिरपी रेघ, तारा आणि मग आउटपुट असे दिसते. ते हेच का?

नाही, ते जेईएस२ चे जुने नियंत्रण स्टेटमेंट. त्याला १ ते ४ अक्षरांचा कोड असतो आणि डीडीवर सिसआउट=(ए,,कोड) असे लिहून त्याच्याशी जोडतात. जेईएस३ मध्ये त्याऐवजी फॉरमॅट नावाचे स्टेटमेंट होते. झेड-ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २.५ आवृत्तीनंतर आयबीएमने जेईएस३ देणे बंद केले, त्यामुळे नव्या मुलांना ते फारसे भेटणार नाही. नवे काही लिहायचे असेल तर दोन तिरप्या रेघांचे आउटपुट स्टेटमेंटच लिहा. एकाच डीडीवर जुना कोड आणि आउटपुट= असे दोन्ही ठेवू नका.

अॅबेंड ७२२ आला. आउटपुट स्टेटमेंटमुळे का?

नाही. ओळींची मर्यादा ओलांडली म्हणून. ती मर्यादा जॉब स्टेटमेंटवर, डीडीवरच्या आउटलिमवर किंवा कंपनीच्या ठरावीक मांडणीत असते. बहुतेक वेळा प्रोग्राम एकाच चक्रात अडकून तीच ओळ लिहीत बसलेला असतो. आधी प्रोग्राम पाहा, मर्यादा मागाहून वाढवा.

‘सर, आउटपुट कोठे गयं?’

अमळनेरचा एक मुलगा कायम असाच फोन करायचा, आणि फोनवर आम्ही ज्या क्रमाने शोधायचो तोच इथे देतो.

एसडीएसएफमध्ये, म्हणजे स्पूल पाहण्याच्या साधनात, आधी एसटी पॅनेलवर जॉब आहे का ते पाहा. जॉब दिसला की शेजारी प्रश्नचिन्ह टाका, सगळ्या डीडींची यादी उघडते. तिथे अहवालाचा क्लास आणि ठिकाण लिहिलेले असते. ते तुमच्या मनातल्यापेक्षा वेगळे निघाले तर डीडी आणि आउटपुट शेजारी शेजारी ठेवून वाचा, उत्तर क्लासच्या प्रश्नात वर दिले आहे. अहवाल एच पॅनेलवर असेल तर तो अडवलेला आहे, सोडावा लागेल. ओ पॅनेलवर असेल तर छपाईच्या रांगेत आहे आणि अडचण प्रिंटरकडे असू शकते. कुठेच नसेल तर तो छापून निघून गेला किंवा पर्ज झाला.

जॉब चालवण्याआधीच चूक पकडायची असेल तर जॉब स्टेटमेंटवर टाइपरन=स्कॅन लिहून एकदा पाठवा. जेसीएलची मांडणी तपासली जाते, प्रोग्राम चालत नाही. पण क्लास पी ऐवजी क्यू लिहिला तर स्कॅन काही बोलणार नाही, कारण दोन्ही मांडणीला धरूनच आहेत.

पुण्याला न जाता, इथे बसून सराव करता येईल का?

येईल. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी आज विप्रो म्हणून जगाला सॉफ्टवेअर सेवा देते, आणि हे मी प्रत्येक मुलाला सांगतो. जागा लहान म्हणून काम लहान असे नसते.

हर्क्युलिस नावाचा मोफत एम्युलेटर, म्हणजे मेनफ्रेमचे सोंग घेणारा प्रोग्राम, घरच्या संगणकावर चालतो आणि त्यावर एमव्हीएस ३.८ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम बसवता येते. जॉब, एक्झेक, डीडी यांचा सराव तिच्यावर छान होतो. आउटपुट स्टेटमेंट मात्र तिला कळत नाही, ते नंतरच्या आवृत्त्यांत आले. तिथे चूक आली तर तुमचे लिहिणे चुकले असे समजू नका. आउटपुटसाठी आयबीएमच्या झेड एक्सप्लोर या मोफत शिकवणीवर खाते काढा, तिथे खरी झेड-ओएस मिळते.

पहिला सराव आयईबीजेनर या नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर करा. सिसयूटी१ वर चार ओळी हाताने लिहा, सिसयूटी२ वर सिसआउट=ए आणि आउटपुट=*.दुकान ठेवा, आणि ‘दुकान’वर दुसराच क्लास लिहा. जॉब चालवा आणि स्पूलच्या यादीत सिसयूटी२ समोरचा क्लास वाचा. मग फक्त ए काढून (,) करा आणि तोच रकाना पुन्हा वाचा.